आमचाच कागद, आम्हालाच बंद!



भामरागड तालुक्यातल्या कुठल्याही गावात मे महिन्यात जा. पहाटेच घरची माणसे जंगलात निघतात, उन्हे चढली की पाने घेऊन परततात, सावलीत बसून सत्तर सत्तर पानांचा पुडा बांधतात आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून देतात. पुडे मोजणारा वहीत आकडा लिहितो. बाईच्या हातातल्या कार्डावरही तोच आकडा पडतो. हंगाम संपला की सगळ्या गावांच्या वह्या ठेकेदाराकडे जमा होतात. बाईकडे एक कार्ड उरते, तेही पहिल्या पावसात छपरातून गळणाऱ्या पाण्याने भिजते.

पुढच्या वर्षी सौद्याला समोरासमोर कोण बसते? एका बाजूला ठेकेदार. कोणत्या गावाने काय भाव घेतला, कुठे किती गोणी पान निघाले, कुठली ग्रामसभा उधारीला तयार झाली, हे सारे त्याच्या खिशातल्या डायरीत. दुसऱ्या बाजूला ग्रामसभा. तिला आपल्या गावाचा भाव ठाऊक. शेजारच्या गावाचा भाव ऐकीव. पलीकडच्या तालुक्याचा भाव तर कानावरही नाही. याला सौदा म्हणायचे? पत्ते खेळताना एकाने दुसऱ्याचे पत्ते बघून खेळायचे आणि जिंकल्यावर सांगायचे, ‘तुमचे नशीब!’

शेतीमालाची लूट भावातून होते, हे आम्ही १९८० पासून गावोगाव सांगत आलो. ते खरेच आहे. पण भाव पाडण्याआधी एक काम करावे लागते: ज्याचा माल त्याला आकडा कळू द्यायचा नाही. हे काम कसे चालते आणि ते मोडायचे कसे, यावर जिल्ह्याच्या बैठकीत बोलले पाहिजे, म्हणून हा लेख.

लेखणी गेली, संगणक आला

महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. अक्षर न ओळखणाऱ्या कुणब्याला दप्तर सांभाळणारे कसे नागवतात, हे त्यांनी उघड मांडले. सव्वाशे वर्षे उलटून गेली. कुलकर्णी गेले, तलाठी आले, कागद संगणकात गेला. सातबारा आता डिजिटल सहीने घरबसल्या निघतो. ही चांगली गोष्ट आहे, चांगली म्हणायला आपले काही जात नाही. पण दप्तराची मालकी बदलली का? शेतकरी नोंदी पुरवतो, खाते त्या साठवते आणि शेतकऱ्याला त्या परत हव्या असल्या तर अर्ज करावा लागतो.

१५ एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रात शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. जमीन, पीक, नाव, आधार, सगळे एका जागी बांधले गेले. त्याआधी, २०२१ साली, केंद्राच्या कृषी खात्याने मायक्रोसॉफ्ट या कंपनीशी करार केला होता, सहा राज्यांतल्या १०० गावांत शेतकऱ्यांच्या माहितीवर प्रयोग करण्यासाठी. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणजे शेतकऱ्यांची माहिती दिल्लीला जाऊ शकते, परदेशी कंपनीला दिसू शकते. भामरागडच्या ग्रामसभेने शेजारच्या ग्रामसभेचा तेंदूचा भाव मागितला की मात्र उत्तर मिळते, ‘तो अधिकार आमच्या कार्यालयाला नाही.’

आम्ही कंपन्यांच्या नावाने बोटे मोडणारे नाही. व्यापार हवा, तंत्रज्ञान हवे, शेतकऱ्याला दोन्हींचे स्वातंत्र्य हवे, ही आपली जुनी भूमिका आहे. पण बाजार मोकळा आहे असे कधी म्हणायचे? दोन्ही बाजूंना सारखे दिसते तेव्हा. एकाच्या डोळ्यावर पट्टी बांधून चालतो तो बाजार नव्हे, ती खिसेकापूंची जत्रा.

उणे सबसिडीचा धडा

आकडा उघडा झाला की काय होते, याचा अनुभव आपल्या गाठीला आहे. सरकार शेतकऱ्याला सबसिडी देऊन पोसते, असे शहरातले पढतमूर्ख वर्षानुवर्षे म्हणत होते. मग गॅटच्या वाटाघाटी आल्या. शेतीला किती मदत देता याचा हिशेब प्रत्येक देशाने मांडायचा होता, पायाभूत काळ १९८६ ते १९८८. भारत सरकारने स्वतःच्या हाताने जो तक्ता भरला, त्यात पिकांना मिळणाऱ्या भावाच्या पाठिंब्याचा आकडा उणे निघाला. म्हणजे सरकार शेतकऱ्याला देत नव्हते, त्याच्याकडून काढून घेत होते. शरद जोशी हे आधीपासून सांगत होतेच. पण सरकारच्या सहीचा कागद हाती आला आणि सभेतल्या माणसाला बोट ठेवून दाखवता येऊ लागले.

तो आकडा कुणी मेहेरबानी म्हणून दिला नव्हता. परदेशात ठरलेल्या एकाच नमुन्यात, एकाच पद्धतीने सगळ्यांनी भरायचा होता, म्हणून लपवता आला नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा. नमुना एक, पद्धत एक, आणि कागद उघडा, एवढे जमले की खोटे बोलणे कठीण होते.

चार कसोट्या

२०१६ साली जगभरच्या काही शास्त्रज्ञांनी ‘सायंटिफिक डेटा’ या नियतकालिकात माहितीसाठी चार कसोट्या मांडल्या. माहिती सापडावी, मिळावी, जुळावी आणि पुन्हा वापरता यावी. इंग्रजी आद्याक्षरे जोडून त्यांनी त्याला ‘फेअर’ असे नाव दिले, म्हणजे न्याय्य. त्यांना प्रयोगशाळेतल्या आकड्यांची चिंता होती. आपण या कसोट्या फळीवर आणि बांधावर लावून पाहू.

पहिली कसोटी, सापडावी. वनहक्क कायदा २००६ सालचा. त्याच्या नियमांत २०१२ साली दुरुस्ती झाली. दावा मंजूर होऊन पट्टा दिला की महसूल आणि वन खात्याने अंतिम नकाशा करून तो हक्क आपापल्या अभिलेखात चढवायचा, आणि तेही जास्तीत जास्त तीन महिन्यांत, असे १२क या नियमात लिहिले आहे. आता आपल्या गावात जाऊन विचारा: सामूहिक वनहक्काचा मूळ कागद कुठे आहे? नकाशा कुणाकडे? चढवलेल्या नोंदीचा क्रमांक काय? कुठे उत्तर मिळते, ‘साहेबांकडे’. कुठे, ‘जुन्या अध्यक्षाच्या पेटीत’. जो कागद सापडत नाही तो नसल्यातच जमा. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमात पहिलीच गोष्ट ही सांगितली आहे: प्रत्येक कार्यालयाने आपले अभिलेख सूची करून, क्रम लावून ठेवावेत. २००५ चा कायदा. सूची दाखवा म्हटले की कपाटाकडे बोट दाखवतात.

दुसरी कसोटी, मिळावी. ‘पोर्टलवर आहे, बघून घ्या,’ हे आजच्या नोकरशहाचे आवडते वाक्य. ज्या गावात फोन लावायला टेकडीवर चढावे लागते तिथे पोर्टल म्हणजे आरशातली भाकर. भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरहून लांब. अर्जाची फी दहा रुपये आणि जाण्यायेण्याला दोन दिवसांची मजुरी! याच कायद्याच्या चौथ्या कलमात आणखी लिहिले आहे की माहिती द्यायची ती खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागात पोचणारे साधन यांचा विचार करून. भामरागडची स्थानिक भाषा माडिया आहे. गोटुलात बसून ऐकता येईल अशा माडियात तेंदूचे भाव कोणत्या खात्याने कधी वाचून दाखवले?

आणि हा रोग फक्त गावकऱ्यांच्या वाट्याला येतो असे समजू नका. आपल्याच जिल्ह्यातल्या सिरोंच्याजवळ गोदावरीवर मेडिगड्डा बंधारा उभा आहे. जून २०१९ मध्ये त्याचे लोकार्पण झाले, ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे खांब खचले. चौकशीला आलेल्या राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाने मागितलेली सगळी कागदपत्रे त्यांना मिळाली नाहीत, असे त्यांनीच नोंदवले. देशाच्या प्राधिकरणाला कागद मिळत नाही, तिथे काठावर जमीन पाण्याखाली गेलेल्या सिरोंच्याच्या शेतकऱ्याला कोण विचारतो?

तिसरी कसोटी, जुळावी. ही सगळ्यात महत्त्वाची, कारण इथे आपण रोज फसतो. महाराष्ट्रात तेंदूची प्रमाण गोणी म्हणजे हजार पुडे आणि पुड्यात ७० पाने. इंद्रावतीपलीकडे छत्तीसगडातही गोणी हजार पुड्यांचीच, पण पुड्यात पाने ५०. आमची गोणी ७० हजार पानांची, त्यांची ५० हजारांची. नाव एकच, माप वेगळे.

छत्तीसगड सरकारने २०२४ च्या हंगामापासून गोणीला ५५०० रुपये संकलन दर दिला. आता समजा, आपल्याकडच्या एखाद्या गावाने ६५०० रुपयांना गोणी दिली. गाव खूश, पलीकडच्यापेक्षा हजार रुपये जास्त घेतले! हिशेब करा. ५५०० ला ५० हजार पाने म्हणजे पानाला ११ पैसे. ६५०० ला ७० हजार पाने म्हणजे पानाला सव्वानऊ पैशांच्या आसपास. बरोबरी करायची तर आपल्या गोणीला ७७०० रुपये हवेत. हजाराचा नफा दिसत होता, निघाला बाराशेचा तोटा. शिवाय पलीकडच्या दरात फक्त संकलनाची मजुरी, बोनस वेगळा. आपल्याकडे कुठे मजुरी आणि रॉयल्टी मिळून एक आकडा बोलतात, कुठे वेगवेगळे. कुठे गावाने वन खात्यामार्फत विक्रीचा पर्याय घेतला, कुठे ग्रामसभेने स्वतः विकले. हे सगळे एकाच रकान्यात कोंबले की कागद भरतो आणि अक्कल रिकामी राहते. ठेकेदाराला मात्र पानामागे किती पैसे पडले ते बरोबर ठाऊक असते.

चौथी कसोटी, पुन्हा वापरता यावी. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या भामरागडजवळ एकत्र येतात. २०१९ च्या पावसाळ्यात गावाचा संपर्क किती वेळा तुटला ते सर्वांना आठवत असेल. आपल्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला तर ती अतिवृष्टी. पण आपल्या धानात शिरते ते पाणी वरून, छत्तीसगडातून येते. आपल्याकडे ऊन असताना पूर येऊ शकतो. म्हणून वरच्या पावसाची नोंद, नदीच्या पातळीची नोंद आणि पंचनाम्याची नोंद शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय नुकसान सिद्ध होत नाही, आणि पुढच्या वर्षीचा इशाराही वेळेवर मिळत नाही. या तीन नोंदी वेगवेगळ्या खात्यांत, वेगवेगळ्या नमुन्यांत पडून असतात. मागितल्या तर झेरॉक्सची झेरॉक्स मिळते, तिरपी, अर्धी काळी. कुणी मोजले, कोणत्या वेळी, कोणत्या एककात, काही लिहिलेले नसते. असा कागद फायलीला लावता येतो. त्यावर बेरीज करता येत नाही.

२०१२ साली केंद्र सरकारने माहिती खुली करण्याचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. सार्वजनिक पैशातून गोळा झालेली, संवेदनशील नसलेली माहिती यंत्राला वाचता येईल अशा रूपात द्यावी, असे त्यात लिहिले. माहिती अधिकार कायद्याचे कलम ७(९) सांगते की माहिती साधारणपणे ज्या रूपात मागितली त्याच रूपात द्यावी. म्हणून यापुढे अर्ज करताना ‘प्रत द्यावी’ एवढे लिहून थांबू नका. ‘संगणकातील तक्ता, ज्यावर बेरीज करता येईल अशा स्वरूपात द्यावा’ असे स्पष्ट लिहा.

मग सगळेच उघडे करायचे का?

इथे आपलेच काही कार्यकर्ते हात वर करतात. त्यांचे म्हणणे असे: जंगलातली औषधी, मधाच्या जागा, माशांच्या कोंडी, सगळे लिहून दिले तर बाहेरचे येऊन लुटून नेतील. शंका खोटी नाही. तिला उत्तर दिले पाहिजे.

१९९५ साली अमेरिकेत हळदीने जखम भरण्यावर पेटंट दिले गेले. आपल्या सीएसआयआरने जुने छापील पुरावे काढून लढा दिला आणि १९९७ साली ते रद्द झाले. इथे लिहिलेले होते म्हणून वाचले. दुसरी बाजूही पाहा. जैवविविधता कायदा २००२ चा. प्रत्येक गावाने लोकांची जैवविविधता नोंदवही करायची होती. वर्षानुवर्षे कुणी हलले नाही. २०१९ साली हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२०ची मुदत घातली आणि दर महिन्याला दहा लाखांच्या दंडाचा धाक दाखवला, तेव्हा देशभर धावपळ सुरू झाली. दंड चुकवायला भरलेली वही ही गावाची वही कशी म्हणायची? आणि २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथात नोंदलेल्या पारंपरिक ज्ञानाला लाभवाटपातून सूट दिली. लिहिले तरी धोका, न लिहिले तरी धोका.

जगभरच्या आदिवासी समाजांनी यावर विचार केला आहे. २०१९ साली त्यांच्या प्रतिनिधींनी ‘फेअर’च्या जोडीला दुसरी चार तत्त्वे मांडली: माहितीचा लाभ समाजाला व्हावा, तिच्यावर ताबा समाजाचा असावा, वापरणाऱ्याने जबाबदारी घ्यावी, आणि नीती पाळावी. आपण ते आपल्या भाषेत असे म्हणू. सार्वजनिक पैशाचा, लिलावाचा, मोजणीचा, पावसाचा, पुराचा कागद सर्वांना उघडा. गावाच्या ज्ञानाचा कागद ग्रामसभेच्या कुलपात, आणि किल्ली ग्रामसभेकडे. एकेका माणसाचे आजार, आधार आणि बँकेचे खाते कुणालाही नाही.

पण सावध! हे तिसरे वाक्य सरकार आता आपल्याच विरुद्ध वापरू लागेल. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातले कलम ८(१)(ञ) बदलले. त्या कलमात पूर्वी ‘व्यापक लोकहित’ असेल तर खासगी माहितीही द्यावी अशी सोय होती, ती तिथून काढली. उद्या नुकसानभरपाईची यादी मागाल तर ‘व्यक्तिगत’ म्हणून नकार येईल. कलम ८(२) मध्ये लोकहिताचा आधार अजून आहे, तो अर्जात लिहा. आणि नाव झाकायचे असेल तर झाका, पण किती जणांना किती मिळाले त्याची गावनिहाय बेरीज द्या. बेरजेला कुणाचे नाव नसते.

आपल्याही घरात बघा

आता कडू बोलतो, राग धरू नका. ठेकेदाराच्या डायरीला नावे ठेवणाऱ्या आपल्या संघटनेच्या वह्या कुठे आहेत? गेल्या वेळी उत्पादन खर्चाचा हिशेब गावोगाव काढला, ते कागद कुणाच्या माळ्यावर आहेत? प्रत्येक बैठकीला आपण शून्यापासून सुरुवात करतो. एक गाव किलोत बोलते, एक पायलीत, एक गोणीत. एक कार्यकर्ता आजारी पडला की त्याच्या डोक्यातला तालुका त्याच्याबरोबर झोपतो. सरकारला चार कसोट्या लावायच्या आणि स्वतः एकीतही पास व्हायचे नाही, हे शोभत नाही.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाकडे बघा. अभ्यासगट चालवून, सर्वांच्या संमतीने निर्णय घेऊन हे गाव उभे राहिले. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबूचा वाहतूक परवाना मिळायला २७ एप्रिल २०११ उजाडला. त्या दिवशी केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. एक साधे पावतीपुस्तक! पण ज्याच्या हाती पावतीपुस्तक त्याच्या हाती मालकी, हे गावाला कळले होते म्हणून तर एवढे भांडले.

बैठकीत काय ठरवायचे

सरकारकडे आपली मागणी तीन गोष्टींची. तेंदू आणि बांबूच्या प्रत्येक विक्रीचा तक्ता हंगाम संपताच जिल्ह्यासाठी एका नमुन्यात जाहीर करावा. वनहक्काचे नकाशे आणि नोंदी प्रत्येक ग्रामसभेला छापील आणि संगणकीय, दोन्ही रूपांत द्याव्यात. वरच्या पावसाची, नदीची आणि पंचनाम्याची नोंद एकत्र जोडून, मराठीत आणि माडियात, गावापर्यंत पोचवावी.

पण मागणीवर बसून राहायचे नाही. येत्या हंगामात प्रत्येक ग्रामसभेने एक पान भरायचे आहे. गावाचे नाव. हंगामाचे वर्ष. विक्री ग्रामसभेने केली की वन खात्यामार्फत. गोणी किती. पुड्यात पाने किती. मजुरी किती, रॉयल्टी किती, दोन वेगळ्या रकान्यांत. पैसे कधी मिळायचे ठरले आणि कधी मिळाले. कुणी लिहिले आणि कुणी तपासले. बस्स. एक प्रत गोटुलात भिंतीवर, एक ग्रामसभेच्या पेटीत, एक जिल्ह्याच्या बैठकीत. पोराला संगणक येत असेल तर त्याने तक्ता करावा. येत नसेल तर शाईचा पेन पुरे.

‘अडाणी माणसाला आकडे कशाला?’ असे विचारणारे भेटतील. त्यांना सांगा, सत्तर पाने बोटांनी मोजून पुडा बांधणारी बाई दिवसभरात हजारो पाने मोजते आणि एक चुकवत नाही. तिला मोजता येते. तिने मोजलेले कुठे जाते, एवढेच आजवर तिला कुणी दाखवले नाही.

पुढच्या सौद्याला ठेकेदार डायरी उघडेल, तेव्हा आपल्याही बाजूने एक वही उघडली पाहिजे. पान भरून बैठकीला या. रिकाम्या हाताने येऊ नका.